चौरस चौकट: फोटो आणि चित्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटो काढणारे, चित्रकला शिकणारे आणि घरातल्या जुन्या फोटोंचं काय करायचं या विचारात पडलेले लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सोपे प्रश्न आधी, अडनिडे शेवटी. एका उत्तरातला मुद्दा दुसऱ्या ठिकाणी लागला तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चौरस फोटो म्हणजे नेमकं काय? चारही बाजू अगदी सारख्याच लागतात का?

हो. लांबी-रुंदी सारखी, म्हणजे १:१. मोबाइलच्या क्रॉपमध्ये किंवा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये '१:१' असं लिहिलेलं दिसतं, तेच हे. बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांचं प्रमाण ३:२ असतं, बहुतेक मोबाइलचं ४:३, आणि टीव्हीचं १६:९.

'जवळजवळ चौरस' मात्र टाळा. ८ बाय साडेआठ इंचांची प्रिंट भिंतीवर लावली की कापताना चूक झाल्यासारखी दिसते. अर्ध्या इंचाचा फरक डोळ्याला लगेच कळतो. एक तर नीट चौरस करा, नाही तर सरळ आयत.

२. चौरस फोटो इन्स्टाग्रामनेच आणले ना?

नाही. इन्स्टाग्राम ६ ऑक्टोबर २०१० रोजी आलं. कोडॅकचा पहिला ब्राउनी कॅमेरा १९०० सालचा. त्याची किंमत एक डॉलर होती आणि फोटो सव्वादोन इंची चौरस यायचा. जर्मनीत ब्राउनश्वाइगला रोलायफ्लेक्स १९२९ मध्ये तयार झाला, स्वीडनच्या हॅसलब्लाडचा पहिला चौरस कॅमेरा १९४८ चा, पोलरॉइडचा, काढल्या काढल्या छापील फोटो देणारा एसएक्स-७० १९७२ चा. इन्स्टाग्रामने या सगळ्यांची आठवण मोबाइलवर आणली, एवढंच. त्याचे एक संस्थापक केविन सिस्ट्रॉम यांनी स्वतःच सांगितलं आहे, की फ्लॉरेन्समध्ये शिकताना त्यांच्या शिक्षकाने त्यांच्या हातात होल्गा नावाचा साधा प्लॅस्टिकचा कॅमेरा दिला आणि त्यातून येणाऱ्या चौरस फोटोंनी त्यांना वेड लावलं.

३. मग मुळात कॅमेऱ्यातून चौरस फोटो का काढायला लागले?

एक कारण गणिताचं आहे. कोणतीही लेन्स आत गोल प्रतिमा पाडते. त्या वर्तुळात बसणाऱ्या सगळ्या आयतांमध्ये चौरस सर्वांत जास्त जागा व्यापतो, सुमारे ६४ टक्के. ४:३ चा आयत ६१ टक्के व्यापतो, ३:२ चा ५९ आणि १६:९ चा ५४.

दुसरं कारण जास्त वजनाचं आहे, आणि ते कळायला रोलायफ्लेक्ससारखा दोन भिंगांचा कॅमेरा हातात धरून पाहावा. खालच्या भिंगातून फोटो निघतो. वरच्या भिंगातली प्रतिमा आरशावर पडून माथ्यावरच्या दुधी काचेवर उमटते. कॅमेरा पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून काचेत बघायचं. काचेवर डावं-उजवं उलटं दिसतं. समोरचा माणूस डावीकडे चालला तर काचेत तो उजवीकडे सरकतो. आता हा कॅमेरा कुशीवर वळवा. काच बाजूला तोंड करते, त्यात बघायला मान वाकडी करावी लागते आणि माणूस चक्क डोकं खाली, पाय वर असा दिसतो. असं काम कोण करणार? म्हणून फ्रेमच चौरस ठेवली, म्हणजे कॅमेरा वळवायची गरजच उरली नाही. उभा हवा की आडवा, ते डार्करूममध्ये ठरवायचं.

थोडक्यात, चौरस आला तो सोय म्हणून. स्टुडिओवाले आणि वृत्तछायाचित्रकार तो कापूनच छापत. पण काही जण त्या काचेत इतका वेळ बघत राहिले, की चौरसातच विचार करायला लागले. पुढचे बरेचसे प्रश्न त्यांच्यामुळेच पडले आहेत.

४. घरच्या जुन्या अल्बममध्ये पांढऱ्या किनारीचे, बिस्किटाएवढे चौरस फोटो आहेत. ते कुणी कापलेत का?

बहुधा नाही. ते काँटॅक्ट प्रिंट असावेत. त्या काळी घरगुती कॅमेऱ्यात १२० नंबरचा रोल घालत आणि त्यावर ६×६ चे बारा फोटो निघत. म्हणायला सहा सेंटिमीटर, प्रत्यक्षात निगेटिव्ह सुमारे ५६ मिलिमीटरचं. एनलार्जर न वापरता निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून प्रकाश दिला की तेवढ्याच मापाचा फोटो मिळे. तो स्वस्तात पडे. भारतात बनलेला आग्फाचा क्लिक थ्री कितीतरी घरांत होता, आणि उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे 'इंदू' रोल त्यात चालत.

काळ्या पानांचा, मधे बटर पेपर असलेला अल्बम असेल तर फोटो कोपऱ्यांच्या खाचांतून हळूच निघतात. डिंकाने चिकटवले असतील तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. पांढरी किनार कापू नका आणि मागे काही लिहिलं असेल तर तेही स्कॅन करा. त्याआधी कपाटात, ट्रंकेत निगेटिव्ह शोधा. ती बहुतेकदा स्टुडिओच्या खाकी पाकिटात पडून असतात. ६×६ निगेटिव्हचं क्षेत्रफळ ३५ मिमी निगेटिव्हच्या साडेतीन पटींहून जास्त असतं. तुमच्या बिस्किटाएवढ्या फोटोत जी आजी ओळखू येत नाही, तिच्या साडीचे काठसुद्धा त्या निगेटिव्हमध्ये असू शकतात. मला या सगळ्या प्रश्नांत हाच सर्वांत तातडीचा वाटतो, कारण दमट हवेत निगेटिव्ह फार काळ टिकत नाहीत.

५. चौरसात असं काय असतं, की बघावंसं वाटतं?

आयताला दिशा असते. आडवा आयत नजर डावीकडून उजवीकडे नेतो, उभा आयत खालून वर चढवतो. चित्रात काही नसलं तरी चौकटीचा आकार नजरेला ढकलतच असतो. चौरस असं काही करत नाही. नजर एका कडेला जाते, तिथे पुढे जायला वाट नसते, ती परत आत येते, दुसऱ्या कडेला जाते, पुन्हा आत येते. चारही कडा मध्यापासून सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे कोणत्याही कडेची गोष्ट सारखीच भरते. म्हणून चौरसात 'पुढे काय होणार' यापेक्षा 'इथे काय आहे' हे जास्त बघितलं जातं.

७ डिसेंबर १९७२ रोजी अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी हॅसलब्लाडने काढलेला पूर्ण पृथ्वीचा फोटो आठवा. मूळ फ्रेममध्ये दक्षिण ध्रुव वरच्या बाजूला आहे. आपल्या नकाशांच्या सवयीप्रमाणे छापताना तो फिरवला गेला. गोल पृथ्वी आणि चौरस फ्रेम असल्यामुळे फिरवूनही चौकटीचं काही बिघडलं नाही. चौरस पाव फेरी वळवला तरी चौकट तीच राहते. आयत पाव फेरी वळवला तर आडव्याचा उभा होतो आणि चित्राचा अर्थच हलतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नजर थांबते म्हणजे ती रिकामी जागाही बघते. कमकुवत फोटो चौरस केल्याने सुधारत नाही, उलट त्यात काही नाही हे लवकर कळतं.

६. 'विषय मधोमध ठेवू नका' असं सगळीकडे शिकवतात. चौरसातही तोच नियम का?

इथे तो नियम विसरलात तरी चालेल. विषय आडव्या आयताच्या मधोमध ठेवला की दोन्ही बाजूंना उगाच पट्टे उरतात. चौरसात मध्य हे नैसर्गिक ठिकाण आहे. दार, खिडकी, विहीर, चेहरा, ताट, झाडाचा एकच बुंधा, या गोष्टी बिनधास्त मधे घ्या.

फक्त मधे ठेवलं की बाकीचं काटेकोर हवं. जुन्या वाड्याच्या दाराचा फोटो घेता आहात असं समजा. दाराच्या बरोबर समोर उभे राहा, थोडंही तिरकं नाही. मोबाइल छातीशी धरून वर झुकवलात की दाराच्या उभ्या बाजू वरच्या अंगाला एकमेकींकडे कलतात. आयतात हे खपून जातं, चौरसात लगेच दिसतं, कारण बाजूला चार सारख्या सरळ कडा उभ्याच असतात. मोबाइल दाराच्या मध्याच्या उंचीवर आणा आणि भिंतीला समांतर धरा. मग चारही कडांवरून एकदा नजर फिरवा: कोपऱ्यात विजेचं मीटर आलंय का, उंबऱ्याखालची पायरी अर्धी कापली गेलीय का. बघितलं की मगच बटण.

क्षितिज मधोमध घेतलं तर चौरसाचे दोन सारखे पट्टे होतात. पाण्यात प्रतिबिंब असेल तर ते फार सुंदर दिसतं. नुसतं आभाळ आणि नुसती जमीन असेल तर एकाला जास्त जागा द्या. आणि मुद्दाम तोल घालवायचा असेल, एकटा माणूस खालच्या कोपऱ्यात आणि वर सगळी भिंत, तर चौरसात तो ताण फार चांगला जाणवतो.

७. चौरसातले पोर्ट्रेट वेगळे का वाटतात?

थोडं श्रेय चौकटीचं (प्रश्न ५), थोडं कॅमेरा धरण्याच्या पद्धतीचं. पोटाशी कॅमेरा धरणारा छायाचित्रकार समोरच्याच्या डोळ्यांवर काहीही रोखत नाही. तो मान खाली घालून उभा असतो आणि समोरच्याला त्याचा चेहरा दिसत राहतो. कॅमेरा डोळ्यांच्या खालच्या पातळीवर असल्यामुळे माणूस किंचित उंच आणि ताठ येतो.

न्यूयॉर्कच्या डायान आर्बस यांनी १९६२ च्या आसपास ३५ मिमीचा कॅमेरा बाजूला ठेवून चौरस घेतला. त्यांची माणसं मधोमध उभी राहून आपल्याकडे थेट बघतात. जुळ्या बहिणींचा त्यांचा फोटो पाहा: सारखे फ्रॉक, सारख्या पांढऱ्या कॉलर, सारखे हेअरबँड. एकीच्या ओठांवर हसू, दुसरीच्या नाही. बाजूला बघायला काहीच नसल्यामुळे नजर या दोन चेहऱ्यांमध्येच ये-जा करते आणि सारखेपणातला फरक शोधत बसते. शिकागोत मुलं सांभाळण्याचं काम करत रस्त्यावरचे हजारो फोटो काढणाऱ्या व्हिव्हियन मायर यांच्याही गळ्यात रोलायफ्लेक्स असे.

आपल्याकडे होमाई व्यारावाला यांनी रोलायफ्लेक्स वापरला. त्या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी. आजच्या काळात दयानिता सिंग यांचं पुष्कळसं काम चौरसातलं आहे, आणि २०२२ चा हॅसलब्लाड पुरस्कार त्यांना मिळाला.

८. चौरस कुठे टाळावा?

लग्नातला पन्नास माणसांचा ग्रुप फोटो चौरसात घेऊ नका. अर्धी जागा छत आणि सतरंजीला जाते आणि चेहरे मोहरीएवढे होतात. धावणारी माणसं, सायकल शर्यत, लांबलचक घाट, दिंडीची रांग यांना दिशा हवी असते. ती काढून घेतली की त्यांचा जीवच जातो. ग्रुप चौरसातच हवा असेल तर लोकांना जिन्याच्या पायऱ्यांवर तीन-चार ओळींत बसवा.

९. चित्रकार चौरस कॅनव्हास का घेतात? उभा-आडवा तर त्यांना हवा तसा घेता येतो.

हो, आणि म्हणूनच त्यांची निवड जास्त बोलकी आहे. छायाचित्रकाराला चौरस यंत्राने दिला, चित्रकाराने तो मागून घेतला.

व्हिएन्नाच्या गुस्टाव्ह क्लिम्टचं 'द किस' (१९०७-०८) १८० बाय १८० सेंटिमीटरचं आहे. पण मला त्याची निसर्गचित्रं याबाबतीत जास्त शिकवतात. उन्हाळ्यात तो ऑस्ट्रियातल्या आटरझे तळ्याकाठी राहायला जाई आणि तिथली जवळजवळ सगळी चित्रं त्याने चौरसात केली. निसर्गचित्र म्हटलं की आडवा कॅनव्हास, ही तेव्हाचीच नव्हे, आजचीही सवय. क्लिम्ट पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून बघत फिरायचा आणि चित्राची जागा निवडायचा. त्याच्या तळ्याच्या काही चित्रांत पाणी जवळजवळ वरच्या कडेपर्यंत चढलेलं असतं आणि आभाळाला बोटभर पट्टी उरते. दूरचं दृश्य उरतच नाही, समोर रंगांनी भरलेला एक पडदा उभा राहतो. हा प्रयोग पोस्टकार्डात चौरस खिडकी कापून कुणालाही करता येईल. ती डोळ्याजवळ आणली की जास्त दिसतं, लांब धरली की कमी.

जोसेफ आल्बर्सने १९५० मध्ये, वयाच्या बासष्टीच्या आसपास, चौरसात चौरस काढायला सुरुवात केली आणि १९७६ मध्ये मरेपर्यंत हजाराहून जास्त चित्रं केली. रंग ट्यूबमधून थेट, सुरीने पसरलेला, आणि कोणता रंग कुठल्या कंपनीचा ते चित्राच्या मागे लिहिलेलं. आतले चौरस तो बरोबर मधे ठेवत नसे, खाली सरकवत असे: खालच्या बाजूला एक भाग जागा, दोन्ही अंगांना दोन-दोन भाग, वर तीन भाग. त्यामुळे ते लटकत नाहीत, बसलेले वाटतात. आकार ठरलेला असल्यामुळे त्याला फक्त रंगांकडे बघता आलं: तोच पिवळा करड्याशेजारी कसा दिसतो आणि केशरीशेजारी कसा.

अॅग्नेस मार्टिनने सहा फुटी चौरस कॅनव्हासवर पेन्सिलीने जाळी आखली, पण जाळीची घरं आयताकृती ठेवली. लांबून ती धुक्यासारखी दिसते, जवळ गेलं की पेन्सिलीची रेघ कापडाच्या विणीवर थरथरलेली कळते.

१०. मालेविचचा काळा चौरस तर कुणीही काढेल. त्यात काय आहे?

प्रश्न रास्त आहे आणि पुस्तकातली छापील प्रत बघून तो पडणारच. रशियन चित्रकार काझिमिर मालेविचचं हे मूळ चित्र १९१५ चं, साडे एकोणऐंशी सेंटिमीटरचं, मॉस्कोच्या ट्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. त्याच्या बाजू काटेकोर समांतर नाहीत, हाताने काढल्याचं दिसतं. काळ्या रंगाला तडे गेलेत आणि तड्यांतून खालचे रंग डोकावतात, कारण हे दुसऱ्या रंगीत चित्रावर रंगवलं आहे.

आणि ते कुठे टांगलं होतं, हे महत्त्वाचं. डिसेंबर १९१५ मध्ये पेट्रोग्राडच्या (आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या) प्रदर्शनात मालेविचने ते दोन भिंतींच्या कोपऱ्यात, छताजवळ लावलं. रशियन घरात ती जागा देवाच्या मूर्तिचित्राची. येणाऱ्याला ते कळण्यासारखं होतं. कुणीही काढेल हे खरं, पण त्या वर्षी, त्या कोपऱ्यात ते लावण्याची हिंमत एकाचीच होती.

११. आपल्याकडे चौरसाची काही परंपरा आहे का, की हे सगळं बाहेरचं?

आहे, आणि फार खोल आहे. वास्तुशास्त्रातलं वास्तुपुरुष मंडल चौरसच, ६४ किंवा ८१ घरांचं.

पण महाराष्ट्रात चौरस बघायचा तर डहाणू-तलासरी-जव्हार भागातल्या वारली घरातला लग्नचौक बघावा. सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची काडी. सवाशिणी चौक लिहितात, मधे पालघाट देवी असते, भोवती नक्षीच्या पट्ट्यांवर पट्ट्या. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी पुजारीण, गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. शहरातल्या दुकानांत वारली म्हणून जे विकलं जातं, त्यात नाचणारी माणसं असतात आणि चौक सहसा नसतो. खरं तर त्या चित्रांचं केंद्र तोच आहे: बाहेर शेत, जंगल, जनावरं, माणसं मोकळी पसरलेली, आणि मधे ही आखीव जागा, जिथे देवी बसते. १९७० च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कागदावर आणि जगापुढे नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

आधुनिक चित्रकारांत सय्यद हैदर रझा. ते नागपूरला आणि मग जे. जे. मध्ये शिकले, १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईच्या चित्रकार-गटाच्या संस्थापकांपैकी एक. १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि पुढे बिंदूपाशी आले. १९८३ चं त्यांचं 'सौराष्ट्र' दोन मीटर बाय दोन मीटर आहे, तापलेल्या तांबड्या-केशरी रंगांनी भरलेलं. याउलट नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडे यांचे नंतरचे बहुतेक कॅनव्हास उभे आहेत, आणि त्यांच्यासमोर उभं राहिलं की ते तसेच हवे होते असं वाटतं. चौरस आवडणाऱ्यांनीही हे मानायला हवं.

१२. मोबाइलमध्ये चौरस मोड लावून काढू, की नेहमीसारखा काढून नंतर कापू?

शिकत असाल तर चौरस मोड लावा. बघतानाच चौरस दिसला तर पाय हलतात. माणूस एक पाऊल पुढे जातो, थोडा खाली बसतो. नंतर कापायचं ठरवलं की सगळं ढिसाळ घेतलं जातं. पण एकदाच मिळणारा क्षण असेल, नातवाचं पहिलं पाऊल वगैरे, तर पूर्ण फ्रेम घ्या. बऱ्याच कॅमेऱ्यांत 'रॉ' (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली) फाइल पूर्ण साठते आणि स्क्रीनवर चौरस दिसतो. ती सोय असेल तर दोन्ही साधतं.

१३. चौरस कापल्यावर किती पिक्सेल जातात? मोठी प्रिंट निघेल का?

४:३ मधून पाव भाग जातो, ३:२ मधून एक तृतीयांश, १६:९ मधून जवळजवळ ४४ टक्के. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलचा ४०३२ × ३०२४ चा फोटो ३०२४ × ३०२४ होतो, म्हणजे नऊ मेगापिक्सेल. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर दहा इंची चौरस प्रिंट नीट निघते. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून ४००० × ४००० मिळतात, म्हणजे तेरा इंचांच्या थोडी वर. भिंतीवर लांबून बघायची असेल तर याच्या दीडपट करायला हरकत नाही.

१४. कापणं म्हणजे फसवणूक नाही का? आणि चौरस निगेटिव्हमधला आयताकृती फोटो 'खरा' मानायचा का?

चौरस निगेटिव्ह कापून छापायचं, हे गृहीत धरूनच हे कॅमेरे बनले (प्रश्न ३), त्यामुळे नुसत्या कापण्याने खोटेपणा होत नाही. काही छायाचित्रकार निगेटिव्हची काळी कड दिसेल अशी प्रिंट काढतात, म्हणजे काहीही कापलेलं नाही हे दिसतं. ती त्यांची शिस्त आहे, सगळ्यांना लागू होणारा नियम नव्हे.

प्रश्न येतो तो भर घातली तर. चंद्रावर उभ्या बझ ऑल्ड्रिनचा नील आर्मस्ट्राँगने काढलेला १९६९ चा फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे. मूळ चौरस फ्रेम थोडी कललेली आहे आणि वरची कड ऑल्ड्रिनच्या डोक्याला इतकी लागून आहे, की पाठीवरच्या यंत्राची अँटेना कापली गेली आहे. प्रसिद्ध झालेल्या प्रतीत फ्रेम सरळ केली आणि वर काळं आभाळ वाढवलं. चंद्रावरचं आभाळ काळंच असतं, त्यामुळे कुणाची दिशाभूल झाली नाही. तरीही बातमीच्या किंवा पुराव्याच्या फोटोत असं करू नये असंच मी म्हणेन. आता एका बटणावर कडेला हवं ते 'वाढवून' चौरस करता येतो, म्हणून हे जास्तच जपायला हवं. चौरस करायला जागा कमी पडत असेल तर पांढरी किनार द्या. ती काही खोटं सांगत नाही.

१५. जुना ६×६ कॅमेरा घ्यायचाय. काय बघून घेऊ?

यशिका-मॅट, रोलायकॉर्ड किंवा रोलायफ्लेक्स मिळतात. दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी एवढं करा. मागचं झाकण उघडा, शटर 'बी' वर ठेवून दाबून धरा आणि मागून टॉर्च मारून भिंगात बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. मुंबई-कोकणातून आलेल्या कॅमेऱ्यांत ती फार असते. मग शटर एक सेकंदावर लावून ऐका: आवाज मधेच अडखळला तर सर्व्हिसिंगचा खर्च धरा. दुधी काच मळकट असेल तर घाबरू नका, आरसा आणि काच साफ होते. भिंगाच्या आतली बुरशी सहज जात नाही.

१२० चे रोल आजही बनतात आणि ऑनलाइन मिळतात. एका रोलमध्ये बारा फोटो. ब्लॅक अँड व्हाइट घरीच टाकीत धुता येतो. एक अडचण आधीच सांगतो: बघायचं भिंग वर आणि फोटोचं भिंग खाली, त्यामुळे फार जवळून फोटो घेताना काचेत दिसलं त्यापेक्षा फ्रेम थोडी खाली येते. फुलाचा शेंडा कापला जातो. जवळचं घेताना कॅमेरा तेवढा वर उचला.

१६. पोलरॉइडचा फोटो चौरस असतो की उभा?

चित्र चौरस, कार्ड उभं. एसएक्स-७० पद्धतीच्या फिल्मवर चित्र सुमारे ७९ × ७९ मिमी आणि कार्ड ८८ × १०७ मिमी असतं. खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत रसायनाची पुडी असते, फोटो बाहेर येताना ती दाबून पसरते. फुजीफिल्मची इन्स्टॅक्स ही अशीच झटपट फोटोची फिल्म घेताना नाव नीट वाचा: 'स्क्वेअर' चं चित्र ६२ × ६२ मिमी, 'मिनी' चं ६२ × ४६, म्हणजे चौरस नाही.

१७. चौरस प्रिंटला तयार फ्रेमच मिळत नाही. काय करू?

फ्रेमवाल्याकडे पट्टी कापून घ्या, कुठल्याही मापाची होते. आठ इंची प्रिंट असेल तर माउंट (प्रिंटभोवतीची पुठ्ठ्याची किनार) वर आणि बाजूंना अडीच इंच, खाली तीन इंच ठेवायला सांगा. चारही बाजूंना सारखा माउंट असला की चित्र खाली घसरल्यासारखं वाटतं. आल्बर्सने आतल्या चौरसांना उलट केलं होतं (प्रश्न ९), पण त्याला ते बसवायचे होते. भिंतीवरच्या प्रिंटला आधार हवा असतो.

तयार ८ × १० चीच फ्रेम वापरायची तर उभी धरा आणि सहा इंची चौरस खिडकी कापून घ्या: बाजूंना एक-एक इंच, वर पावणेदोन, खाली सव्वादोन. आठ इंची प्रिंट दाबून बसवू नका.

१८. चौरस फोटो व्हिसाला चालतो का?

अमेरिकेच्या व्हिसासाठी दोन इंच बाय दोन इंच चौरसच लागतो. बाकी देशांचे नियम वेगळे असू शकतात, अर्जावरचं माप बघूनच स्टुडिओत सांगा.

१९. इन्स्टाग्रामने ग्रिडसुद्धा उभी केली. आता चौरस काढण्यात काय अर्थ?

ऑगस्ट २०१५ मध्ये इन्स्टाग्रामने उभे-आडवे फोटो चालवून घ्यायला सुरुवात केली आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रोफाइलवरचे चौकोनही उभे केले. मोबाइल उभा धरतात, उभा फोटो स्क्रीन जास्त अडवतो, त्यामागचा हिशेब सरळ आहे. तिथे चौरस टाकलात तर ग्रिडमध्ये त्याच्या बाजू कापल्या जाऊ शकतात. जपायचं असेल तर वर-खाली पांढरी किनार देऊन उभा करून टाका. पण जे चौरसात बघायला शिकले, त्यांनी अॅपमुळे सोडायचं कारण मला दिसत नाही. अॅपच्या आधी एकशे दहा वर्षं चौरस होताच.

२०. प्रदर्शनात चौरस आणि आयत एकत्र लावू का? आणि दोन चौरस शेजारी लावले तर?

मिसळायचे तर चौरस कमी आणि सुटे ठेवा. सगळे चौरस एका रांगेत, सारख्या अंतरावर लावले तर पाचव्या-सहाव्या फोटोनंतर लोक नुसते चालत जातात. दोन-तीनचे गट करा, एखादा मोठा करा, गटांमध्ये मोकळी भिंत सोडा.

दोन चौरस जोडून लावले की त्यांचा २:१ चा आडवा आयत होतो आणि प्रश्न ५ मध्ये सांगितलेली दिशा परत येते. ते नको असेल तर मधलं अंतर वाढवा. आधी दोन्ही प्रिंट जमिनीवर मांडा, दोन बोटांएवढ्या अंतराने सुरुवात करा आणि हळूहळू लांब न्या. एका ठिकाणी त्या दोन्ही सुट्या दिसायला लागतात. फोटोतला उजेड-अंधार, भिंतीचा रंग, खोलीची लांबी यावर ते ठिकाण बदलतं, म्हणून मापपट्टीवर विसंबू नका. तिथे पेन्सिलीने खूण करा आणि मगच खिळे मारा.